दारचा कॅमेरा, दिवाणखान्यातला टीव्ही आणि घराबाहेर जाणारी माहिती

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते नोकरीनिमित्त म्युनिकला असतात आणि सत्तरी ओलांडलेले त्यांचे आई-वडील कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोघेच राहतात. त्यांच्यासाठी दाराशी एक आणि बैठकीच्या खोलीत एक असे दोन कॅमेरे, नवा स्मार्ट टीव्ही, आवाजावर चालणारा स्पीकर, केर काढणारा रोबो आणि वडिलांच्या मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ घ्यायचे ठरत आहे. या उपकरणांतून कंपन्यांकडे नेमके काय जाते, ते थांबवता येते का आणि भारतातला कायदा अशा वेळी कितपत उपयोगी पडतो, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. घरांच्या आणि लहान कार्यालयांच्या नेटवर्क-सुरक्षेचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्या अनुभवावरून आणि सार्वजनिक नोंदींत असलेल्या प्रकरणांवरून पुढचे उत्तर लिहितो.

या यादीतल्या बहुतेक वस्तू घेण्यास माझी हरकत नाही. बैठकीच्या खोलीतला कॅमेरा मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याची कारणे ओघाने येतील. त्याआधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. उपकरण आपले बोलणे चोरून ऐकते का, या शंकेभोवतीच बहुतेक लोकांची भीती फिरत राहते, पण माहितीचा फार मोठा भाग उघडपणे, आपणच दाबलेल्या 'मान्य आहे' या बटणाच्या आधारे घराबाहेर जात असतो. म्हणून कोणतेही उपकरण घरात आणण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. त्याचे खाते कोणाच्या मोबाइल क्रमांकावर उघडले जाणार आहे, उपकरणाचे काम चालण्यासाठी लागणाऱ्या माहितीपेक्षा जास्त अशी कोणती माहिती कंपनी आपल्या धंद्यासाठी मागते आहे, आणि ती माहिती कोठे व किती काळ साठवली जाणार आहे. यांपैकी पहिल्या गोष्टीकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त नुकसान तिथूनच होते.

टीव्हीपासून सुरुवात करतो, कारण घरातले सर्वांत निरुपद्रवी वाटणारे हे उपकरण माहितीच्या बाबतीत सर्वांत हावरे असते. आजच्या बहुतेक स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावरचा आशय आपोआप ओळखणारी यंत्रणा असते आणि तंत्रज्ञ तिला 'एसीआर' म्हणतात. पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे अगदी लहान ठसे टीव्ही ठरावीक अंतराने घेत राहतो आणि ते कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथल्या संग्रहाशी हे ठसे जुळवले, की त्या घरात कोणता कार्यक्रम किती वेळ पाहिला गेला आणि कोणती जाहिरात येताच वाहिनी बदलली गेली, हे कळते. चित्र सेट-टॉप बॉक्समधून येते आहे की तारेने जोडलेल्या लॅपटॉपमधून, याने या यंत्रणेला फारसा फरक पडत नाही, कारण ती पडद्यावर उमटलेले चित्रच वाचते. अमेरिका, ब्रिटन आणि स्पेनमधील संशोधकांनी २०२४ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या टीव्हींची वाहतूक मोजली, तेव्हा टीव्ही केवळ बाहेरचा पडदा म्हणून वापरला तरी हे ठसे जात राहतात, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद केल्यावर त्या सर्व्हरकडे जाणारी वाहतूक खरोखर थांबत होती. तेव्हा 'बंद करून काय उपयोग, ते करायचे ते करणारच' हा जो सूर नेहमी ऐकू येतो, तो निदान टीव्हीच्या बाबतीत खरा नाही.

या माहितीचे पुढे काय होते, याची सर्वांत स्पष्ट नोंद अमेरिकेतल्या विझिओ कंपनीच्या प्रकरणात सापडते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने आणि न्यू जर्सी राज्याने केलेल्या तक्रारीनुसार या कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींमधून सेकंदा-सेकंदाचे पाहणे नोंदवले, त्याला घरातल्या माणसांचे वय, लिंग, उत्पन्न, वैवाहिक स्थिती यांसारखे तपशील जोडण्याची सोय करून दिली आणि ती माहिती इतर कंपन्यांना विकली. फेब्रुवारी २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून हे प्रकरण मिटले. ज्या सेटिंगखाली हे सर्व चालले होते, तिचे नाव 'स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी' असे होते आणि तिच्याखाली कार्यक्रमांच्या शिफारशींबद्दल दोन गोड शब्द लिहिलेले होते. आजही नावे अशीच फसवी असतात. सॅमसंगच्या टीव्हीत 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीच्या टीव्हीत 'लाइव्ह प्लस' आणि सोनीच्या काही टीव्हींत 'सांबा' या नावाने ही सोय आढळते. वर्षागणिक मेनू बदलतात, त्यामुळे 'प्रायव्हसी', 'टर्म्स' आणि 'ॲडव्हर्टायझिंग' या तिन्ही ठिकाणी जाऊन सक्तीचे नसलेले प्रत्येक कलम बंद करावे.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. टीव्ही बसवायला कंपनीचा माणूस येतो, भिंतीवर पट्टी ठोकतो, टीव्ही चालू करतो आणि पुढच्या घरी जायची घाई असल्यामुळे पडद्यावर येणारी सर्व संमतिपत्रे स्वतःच 'सर्व मान्य' करून रिमोट आपल्या हातात देतो. कायद्याच्या भाषेत जिला ग्राहकाची संमती म्हणायचे, ती अशा रीतीने ग्राहकाने पाहिलेलीसुद्धा नसते. त्या माणसाला नम्रपणे सांगावे की जोडणी करून द्या, वायफायचा पासवर्ड आम्ही नंतर घालू. टीव्हीला वायफाय अजिबात न देता स्ट्रीमिंगची वेगळी काडी, म्हणजे 'स्टिक', लावणे हाही मार्ग आहे, पण त्याने पाळत संपते असे समजू नये. टीव्हीच्या कंपनीऐवजी काडीची कंपनी आपल्या आवडीनिवडी पाहू लागते. टीव्ही आणि काडी या दोन्हींना वायफाय दिले असते तर वाटेकरी दोन झाले असते, तो एकच राहतो, इतकाच फायदा.

कॅमेऱ्याचे प्रकरण वेगळे आहे. टीव्हीची माहिती जाहिरातीसाठी वापरली जाते आणि तिचा त्रास बहुधा चिडचिडीपुरता असतो. कॅमेऱ्यातून गेलेले चित्र मात्र परत घेता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांच्या तपासणीची चित्रणे यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरत असल्याचे उघड झाले, तेव्हा गुजरात पोलिसांनी पकडलेल्या आरोपींत महाराष्ट्रातलेही होते. अशा प्रकारांत फार मोठी तांत्रिक करामत क्वचितच लागते. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवलेला असतो आणि कॅमेरा थेट इंटरनेटवर उघडा असतो, एवढे पुरते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे लाखो कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारे डीव्हीआर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याजवळ फक्त साठेक नेहमीच्या नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात याच कॅमेऱ्यांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला करून ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत केल्या. ज्यांच्या घरांतले कॅमेरे त्यात वापरले गेले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पण पासवर्ड बदलला म्हणजे काम झाले असेही नाही. कॅमेरा बसवणारा स्थानिक तंत्रज्ञ पुष्कळदा ॲपमधले मुख्य खाते स्वतःच्या मोबाइलवर उघडतो आणि घरच्यांना 'शेअर' करून देतो. असे का केले म्हणून विचारले, तर पुढे काही बिघडले तर इथूनच पाहता येईल, असे उत्तर मिळते आणि तो माणूस प्रामाणिकपणेच ते सांगत असतो. परिणाम मात्र असा होतो, की घराच्या दाराचे चित्र एका परक्या माणसाच्या फोनमध्ये कायम दिसत राहते. त्याचा फोन हरवला, दुकान बंद पडले किंवा दुकानातला मुलगा नोकरी सोडून गेला, तरी ते दिसायचे थांबत नाही. आधीच बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत ॲपमधली 'मालक' किंवा 'ओनर' ही नोंद कोणाच्या नावावर आहे, हे आजच पाहावे. ती आपल्या माणसाची नसेल तर कॅमेरा मूळ स्थितीला आणून, म्हणजे फॅक्टरी रीसेट करून, नव्याने जोडावा. नुसता पासवर्ड बदलल्याने मालकी बदलत नाही.

कंपनीच्या आतला माणूस हा त्यापुढचा धोका. ॲमेझॉनच्या मालकीच्या रिंग या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये केलेल्या तक्रारीत एका कर्मचाऱ्याने स्त्री-ग्राहकांची, त्यांच्या शयनगृहांतली आणि न्हाणीघरांतलीसुद्धा, हजारो चित्रणे कित्येक महिने पाहिल्याचे नमूद आहे. ५८ लाख डॉलरवर ते प्रकरण मिटले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या कंपनीच्या सुमारे १३ हजार ग्राहकांना तांत्रिक गोंधळामुळे दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांतली लघुचित्रे आपल्या ॲपमध्ये दिसली. या दोन्ही घटनांत ग्राहकाच्या हातून काहीही चुकलेले नव्हते, त्याचा पासवर्ड कितीही भक्कम असता तरी उपयोग नव्हता. म्हणून दाराचा कॅमेरा घेताना चित्रण मेमरी कार्डावर किंवा घरातल्या डीव्हीआरवर साठवणारा घ्यावा. क्लाउडची, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर चित्रण साठवण्याची, वर्गणी घ्यायचीच असेल, तर ज्यात कंपनीलासुद्धा चित्र उघडता येत नाही अशी पूर्ण कूटबद्ध साठवण आहे का, ते विचारावे. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर ती नाही असे धरून चालावे. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या आवश्यक चाचण्या सक्तीच्या झाल्या आहेत. त्यामुळे जुना साठा स्वस्तात मिळतो म्हणून घेण्यापेक्षा त्यानंतर प्रमाणित झालेले मॉडेल घेणे शहाणपणाचे ठरेल.

आता बैठकीच्या खोलीतला कॅमेरा. मुलाची काळजी मी समजू शकतो, परंतु त्या खोलीत आई-वडील दिवसभर बसतात, शेजारी येतात, घरकामाच्या मावशी वावरतात आणि यांपैकी मुलाशिवाय कोणीच त्या कॅमेऱ्याचा निर्णय घेतलेला नसतो. एका घरातल्या सहनिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात बसवलेले कॅमेरे त्यांच्या खासगीपणाचा भंग करतात, असे कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका कौटुंबिक वादात ठरवले आणि त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. तिथे भांडणारे भाऊ होते, इथे प्रेमाचा मुलगा आहे. पण ज्याच्यावर नजर आहे त्याला विचारले का, हा मुद्दा बदलत नाही. आई पडली तर कळावे, हा हेतू असेल, तर संकटाचे बटण असलेले गळ्यातले लॉकेट, पडल्याचे ओळखणारे घड्याळ किंवा ठरावीक वेळेपर्यंत स्वयंपाकघराचे दार उघडले नाही तर संदेश देणारा साधा सेन्सर, यांनी तोच हेतू चित्राशिवाय साधतो. आई-वडिलांनी स्वतःहून कॅमेरा हवा म्हटले, तर भिंगावर सरकती झाकणी असलेला घ्यावा आणि झाकणी उघडायची की मिटायची, हे त्यांच्या हातात असू द्यावे.

आवाजावर चालणाऱ्या स्पीकरबद्दल थोडक्यात सांगतो. हाक मारण्याचा शब्द ऐकल्यावरच ध्वनिमुद्रण पुढे पाठवले जाते, हे बरोबर आहे. परंतु तो शब्द चुकून ऐकू आल्यासारखे उपकरणाला अनेकदा वाटते आणि तेवढे बोलणे सर्व्हरवर जाते. ॲमेझॉनच्या ॲलेक्साची काही मुद्रणे सुधारणेसाठी माणसे ऐकतात आणि त्या माणसांत भारतातले कर्मचारीही आहेत, हे २०१९ मध्ये ब्लूमबर्गच्या बातमीतून जगाला कळले. मुलांची मुद्रणे पालकांनी सांगूनही पुसली नाहीत, या आरोपावरून ॲमेझॉनने २०२३ मध्ये २ कोटी ५० लाख डॉलर भरले. सेटिंगमध्ये मुद्रणे न साठवण्याचा पर्याय निवडावा, माणसांकडून तपासणीची परवानगी काढून घ्यावी, आवाजावरून खरेदी बंद ठेवावी आणि डॉक्टरांशी किंवा बँकेशी फोनवर बोलताना स्पीकरवरचे माइक बंद करण्याचे बटण दाबावे. वडिलांना विविधभारती आणि अभंग ऐकायचे असतील, तर एवढ्या काळजीनंतर तो स्पीकर घरात असायला माझी ना नाही.

केर काढणारा रोबो घराचा नकाशा तयार करतो आणि काही मॉडेलांत कॅमेराही असतो. रूंबा बनवणाऱ्या आयरोबोट कंपनीच्या चाचणीसाठीच्या रोबोंनी टिपलेली घरांतली चित्रे, ज्यांत शौचालयात बसलेली एक स्त्रीही होती, चित्रांना नावे देण्याचे कंत्राटी काम करणाऱ्या व्हेनेझुएलातल्या कामगारांकडून समाजमाध्यमांच्या गटांत पोहोचली होती. एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने २०२२ च्या डिसेंबरात हे उघड केले. ती यंत्रे दुकानात विकली जाणारी नव्हती आणि चाचणीत भाग घेणाऱ्यांनी संमती दिलेली होती, असे कंपनीने सांगितले. मला याच कंपनीच्या पुढच्या इतिहासात जास्त रस आहे. ॲमेझॉन तिला विकत घेणार होती, तो व्यवहार जानेवारी २०२४ मध्ये मोडला. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची यंत्रे बनवणाऱ्या चिनी उत्पादकाकडे तिची मालकी जाण्याचे ठरले. आपण विश्वास एका कंपनीवर टाकतो आणि पाच वर्षांनी आपल्या घराचा नकाशा दुसऱ्याच कोणाच्या ताळेबंदात असू शकतो. कॅमेरा नसलेला, लेझरने अंदाज घेणारा आणि नकाशा न साठवताही चालणारा रोबो घेतला, तर हा प्रश्न बराचसा सुटतो. झाडू अधिक चांगला, असे आईंचे मत असल्यास तेही विचारात घ्यावे.

घड्याळाच्या बाबतीत मी सर्वांत सावध आहे, कारण तिथे माहिती शरीराची असते आणि ती घेण्यात खरा वैद्यकीय फायदाही असतो. ठोक्यांची अनियमितता वेळेवर कळणे ही लहान गोष्ट नाही. धोका दुसरीकडे आहे. काही आरोग्य विमा कंपन्या चालण्याच्या आणि व्यायामाच्या नोंदी ॲपमधून दिल्यास हप्त्यात सवलत देतात. आज ती सवलत आहे, पण आज बक्षीस म्हणून घेतलेली नोंद उद्या दावा तपासताना कोणत्या अर्थाने वाचली जाईल, हे त्या ॲपच्या अटींवर अवलंबून राहते. मोटारींच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडून गेले आहे. जनरल मोटर्सच्या गाड्या चालकाने जोरात लावलेले ब्रेक, वेग आणि रात्रीचे प्रवास टिपत होत्या आणि ही माहिती डेटा-दलालांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोहोचली. हप्ता अचानक वाढल्यावर लोकांनी चौकशी केली, तेव्हा त्यांना त्याचा उलगडा झाला. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते उजेडात आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशी माहिती ग्राहकांचे अहवाल बनवणाऱ्या संस्थांना देण्यास कंपनीला पाच वर्षे मनाई करणारा आदेश प्रस्तावित केला. म्हणून वडिलांचे घड्याळ विम्याच्या ॲपला जोडू नये. घड्याळाची नोंद डॉक्टरांना दाखवायची असेल, तर त्या महिन्याचा अहवाल कागदावर किंवा पीडीएफमध्ये द्यावा. जोडणी कायमची देऊ नये. फिरण्याचा मार्ग सार्वजनिक करणारी सोयही बंद ठेवावी. स्ट्राव्हा या ॲपने २०१७ च्या अखेरीस जगाचा धावण्याचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा कोणाचेही नाव न देता परदेशांतले लष्करी तळ त्यात ठळक उमटले होते.

विजेच्या स्मार्ट मीटरबद्दल प्रश्नात काही नाही, पण महाराष्ट्रात महावितरण ते बसवत असल्यामुळे एक वाक्य त्याबद्दलही लिहितो. पंधरा किंवा तीस मिनिटांच्या अंतराने होणाऱ्या नोंदींवरून घरात माणसे केव्हा उठतात आणि घर केव्हा रिकामे असते हे कळू शकते, आणि अशा नोंदी सरकारी यंत्रणेने घेणे ही तिथल्या राज्यघटनेच्या अर्थाने झडतीच आहे, मात्र वाजवी झडती आहे, असे अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१८ मध्ये नेपरव्हिल शहराच्या खटल्यात म्हटले होते. बल्ब आणि प्लगांबद्दल फार चिंता करू नये. त्यांचे ॲप फोनमधल्या संपर्कांची किंवा ठिकाणाची परवानगी मागू लागले, तर ती नाकारावी.

या सर्व उपकरणांना राउटरवरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवावे, म्हणजे एखादे उपकरण बिघडले तरी बँकेचे व्यवहार होणाऱ्या फोन-लॅपटॉपपर्यंत त्याला सहज पोहोचता येणार नाही. केबलवाल्याने किंवा इंटरनेटवाल्याने राउटरवर ठेवलेला मूळ पासवर्ड बदलावा. खाते उघडताना कोणता देश निवडला, यावरूनही अनेक उपकरणांची साठवण कोणत्या देशातल्या सर्व्हरवर होणार ते ठरते, त्यामुळे म्युनिकहून घाईने खाते उघडून दिले तर पुण्यातल्या घराची माहिती युरोपातल्या सर्व्हरवर जाऊन बसू शकते. ते वाईटच असेल असे नाही. युरोपातला कायदा अधिक कडक आहे. मात्र तक्रार कोणत्या देशात आणि कोणाच्या नावाने करायची, याचा गुंता त्यातून वाढतो.

कायद्याविषयी अपेक्षा वास्तव ठेवाव्यात. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. नियम जाहीर होताना ठरलेल्या टप्प्यांनुसार कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. कायद्यात चांगल्या तरतुदी आहेत. संमतीचे निवेदन इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल, त्यात मराठी आहे. आईंना जे इंग्रजीत कळत नाही ते मराठीत मागण्याचा त्यांना हक्क असेल. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. ठरलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती संमती वैध राहते, आणि हे समजावण्यासाठी कायद्यानेच उदाहरण दिले आहे: डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधली संपर्कांची यादी मागितली आणि ग्राहकाने 'हो' म्हटले, तरी ती संमती सल्ल्यासाठी लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाईल. आपल्या मृत्यूनंतर किंवा असमर्थ झाल्यास हे हक्क कोणी वापरावेत, यासाठी नामनिर्देशन करण्याची सोयही त्यात आहे आणि वृद्ध ग्राहकांसाठी ती फार उपयोगाची ठरेल.

उणिवाही तितक्याच ठळक आहेत. माहितीची सुरक्षा न राखल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, परंतु तो भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होतो. ज्याची चित्रणे फुटली त्याला या कायद्याखाली भरपाई मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाई देणारे ४३-अ हे कलमही नवा कायदा पूर्ण लागू होताच रद्द होणार आहे. माझ्या दृष्टीने हा या कायद्यातला सर्वांत मोठा दोष आहे. शिवाय व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती कायद्याच्या बाहेर आहे, त्यामुळे मुलाने बैठकीच्या खोलीचे चित्र म्युनिकला पाहिले, तर त्याबद्दल मावशींना या कायद्याखाली दाद मागता येणार नाही. सोसायटी ही व्यक्ती नसल्यामुळे तिला मात्र ही घरगुती सूट मिळू नये, असे माझे वाचन आहे. जिन्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण कोणाला दाखवायचे आणि किती दिवस ठेवायचे, याचा ठराव सर्वसाधारण सभेत करून घेणे बरे.

तोपर्यंत ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हाताशी आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याला धरून नसताना दुसऱ्याला उघड करणे ही त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तिच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे भरपाईही मागता येते. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करावा, उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी आणि मग आयोगाकडे जावे. चित्रणे फुटली असतील, तर मात्र ही पायरी-पायरीची वाट न धरता थेट सायबर पोलिसांकडे किंवा १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. या सर्वांसाठी खरेदीचे बिल, संमतीच्या पडद्याचे फोटो आणि खात्याचा तपशील लागतो. बिल वडिलांच्या नावाचे आणि ॲपमधले मुख्य खातेही वडिलांच्या किंवा आईंच्या क्रमांकाचे असेल, तर तक्रारदार कोण हा वादच उरत नाही. मुलाला पाहण्याचा अधिकार त्या खात्यातून 'शेअर' करून द्यावा, आणि तो काढून कसा घ्यायचा हेही आई-वडिलांना दाखवून ठेवावे.